पेन्शन तेवढीच, गोळ्या वाढत्या

महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात कोणत्याही मेडिकलच्या काउंटरवर एक मागणी हमखास ऐकू येते: "सध्या पाचच गोळ्या द्या, बाकीच्या एक तारखेनंतर नेतो." मागणारे बहुधा साठी-सत्तरी ओलांडलेले असतात. दुकानदार कात्रीने पट्टी कापतो. हाती आलेल्या तुकड्यावर कधी औषधाचे नाव अर्धे असते, कधी मिलिग्रॅमचा आकडा गायब असतो, तर मुदतीची तारीख दुकानात उरलेल्या तुकड्यावर राहते. पाच दिवसांनी तोच तुकडा दाखवून "ही गोळी द्या" म्हणताना घोटाळा होऊ शकतो. तरीही लोक असे करतात, कारण त्या आठवड्यात खिशात तेवढेच पैसे असतात.

वाढत्या महागाईबद्दल बोलताना तेल, डाळ, गॅस आणि वीजबिल यांची चर्चा होते. मात्र मधुमेह, रक्तदाब, संधिवात, दमा किंवा हृदयविकार घेऊन जगणाऱ्या ज्येष्ठांच्या घरात आणखी एक बिल असते. ते दर महिन्याला येते आणि आजार बरा होणारा नसल्याने कधी संपतही नाही. किराणा थोडा कमी आणता येतो, सणाचे कपडे पुढे ढकलता येतात. रक्तदाबाची गोळी पुढे ढकलता येत नाही.

हे बिल किती घरांत येते? मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने २०१७-१८ मध्ये देशभरातील ज्येष्ठांची मोठी पाहणी केली. तिच्या निष्कर्षांनुसार साठीपुढच्या साधारण साडेसात कोटी लोकांना कोणता ना कोणता दीर्घकालीन आजार आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात देशातील मधुमेहींची संख्या १० कोटी १० लाखांवर गेल्याचे दिसले, तर प्रौढांतील ३५.५ टक्के लोकांना उच्च रक्तदाब असल्याचे आढळले. दुसरीकडे, संयुक्त राष्ट्र लोकसंख्या निधीच्या २०२३ च्या अहवालाप्रमाणे देशातील १८.७ टक्के ज्येष्ठांना स्वतःचे कसलेही उत्पन्न नाही.

सरकारी महागाई आणि घरातली महागाई

ऑक्टोबर २०२५ मध्ये देशातील किरकोळ महागाईचा दर ०.२५ टक्क्यांवर आला. हा आकडा वाचून अनेक पेन्शनर चक्रावले असतील. त्याचे उत्तर निर्देशांकाच्या रचनेत आहे. २०१२ हे पायाभूत वर्ष धरून काढलेल्या त्या निर्देशांकात खाद्यपदार्थांचा भार जवळपास ४६ टक्के होता आणि आरोग्याचा ६ टक्क्यांहून थोडा कमी. भाजी-डाळ स्वस्त झाली की एकूण दर खाली येतो. पण दोघेच राहणारे म्हातारे जोडपे, दोघांनाही रक्तदाब, एकाला मधुमेह आणि दुसऱ्याला गुडघेदुखी, अशा घरात औषधे, तपासण्या, डॉक्टरांची फी आणि रिक्षाभाडे यांचा वाटा ६ टक्क्यांवर थांबत नाही. त्यांची महागाई त्यांच्या औषधांच्या चिठ्ठीवरून ठरते.

उत्पन्नाची बाजू पाहिली की अडचण आणखी स्पष्ट होते. सहकारी साखर कारखाने, सूतगिरण्या, एसटी महामंडळ आणि असंख्य खासगी कारखाने यांतून निवृत्त झालेल्या कामगारांना 'ईपीएस-९५' योजनेतून पेन्शन मिळते. पेन्शनपात्र पगार गुणिले सेवेची वर्षे, भागिले ७०, असे तिचे सूत्र आहे. सप्टेंबर २०१४ पूर्वी या हिशेबात धरल्या जाणाऱ्या पगाराची मर्यादा ६,५०० रुपये होती, नंतर ती १५,००० झाली. त्यामुळे जुन्या निवृत्तांपैकी अनेकांच्या हाती दरमहा तीन हजारही पडत नाहीत. किमान पेन्शन २०१४ मध्ये १,००० रुपये ठरली. तिला महागाई भत्ता जोडलेला नाही, म्हणजे पहिल्या महिन्याला जो आकडा असतो तोच वीस वर्षांनीही असू शकतो.

ज्यांना तीही पेन्शन नाही, त्यांच्यासाठी राज्याची श्रावणबाळ योजना आहे. पासष्टीपुढच्या निराधारांना तीतून २०२३ पासून दरमहा १,५०० रुपये मिळतात. मात्र पात्रतेसाठी कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत असावे लागते. महिन्याला हे १,७५० रुपये होतात. एवढ्यात ज्यांचे घर चालते त्यांनाच गरीब मानायचे, तर त्याहून थोडे वर असलेल्या फार मोठ्या वर्गाला काहीच मिळत नाही.

गोळीची किंमत कोण ठरवते?

औषधांच्या किमतीवर सरकारचे नियंत्रण आहे, पण सगळ्या औषधांवर सारखे नाही. २०१३ च्या औषध किंमत नियंत्रण आदेशानुसार 'अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादी'तील औषधांना कमाल किंमत ठरवून दिली जाते. बाजारात किमान एक टक्का वाटा असलेल्या सर्व ब्रँडच्या किमतींची सरासरी काढायची आणि त्यात किरकोळ विक्रेत्याचे १६ टक्के मिळवायचे, अशी ही पद्धत आहे. म्हणजे औषध तयार करायला किती खर्च येतो याचा या गणिताशी संबंध नाही. बाजारात महाग विकले जाते म्हणून कमाल किंमतही चढी राहते.

दर वर्षी १ एप्रिलला या कमाल किमती घाऊक किंमत निर्देशांकाप्रमाणे बदलतात. २०२२ मध्ये १०.७६ टक्के, तर २०२३ मध्ये १२.१२ टक्के वाढीची मुभा मिळाली. पुढच्या वर्षी ती जवळजवळ शून्य होती आणि २०२५ मध्ये १.७४ टक्के. यादीबाहेरच्या औषधांना कमाल किंमत नाही. कंपनीने वर्षभरात दहा टक्क्यांहून अधिक वाढ करू नये, एवढीच अट आहे. दर वर्षी दहा टक्के वाढ झाली तर किंमत सात-आठ वर्षांत दुप्पट होते. मधुमेहाच्या अनेक नव्या गोळ्या आणि दोन-तीन औषधे एकत्र केलेल्या बऱ्याच गोळ्या या दुसऱ्या गटात मोडतात.

२२ सप्टेंबर २०२५ पासून बहुतेक औषधांवरील जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला. ग्लुकोमीटर आणि त्याच्या पट्ट्यांवरही तो ५ टक्के झाला आणि वैयक्तिक आरोग्य विम्याच्या हप्त्यावरचा १८ टक्के कर पूर्ण उठला. ज्येष्ठांच्या दृष्टीने हा खरा दिलासा आहे. औषध घेताना बिल मागितले, तरच तो आपल्यापर्यंत पोहोचला की नाही हे कळते.

साठ रुपयांची गोळी सहा रुपयांना

किंमत कशी कोसळू शकते याचे ताजे उदाहरण म्हणजे एम्पाग्लिफ्लोझिन. मधुमेहाबरोबर हृदय किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल तर हे औषध बऱ्याचदा दिले जाते. मूळ कंपनीची एक गोळी साठ रुपयांच्या आसपास होती, म्हणजे महिन्याला सुमारे अठराशे रुपये. मार्च २०२५ मध्ये त्याचे पेटंट संपले आणि काही दिवसांतच भारतीय कंपन्यांनी तेच औषध बाजारात आणले. त्यांतील काहींची १० मिलिग्रॅमची गोळी सहा रुपयांच्याही आत होती. महिन्याचा खर्च दोनशेच्या खाली आला. याआधी व्हिल्डाग्लिप्टिन, डॅपाग्लिफ्लोझिन आणि सिटाग्लिप्टिन यांची पेटंटे २०१९ ते २०२२ या काळात संपली, तेव्हाही असेच घडले होते.

पण पेटंट संपल्याची बातमी चिठ्ठीपर्यंत आपोआप येत नाही. तीन वर्षांपूर्वी लिहिलेला ब्रँड तसाच पुढे चालू राहतो, मुलगा दर महिन्याला जुनी पट्टी दाखवून तीच आणतो आणि शेजारच्या खणात पडलेले स्वस्त औषध कोणी सुचवत नाही. दुकानदाराला ते परस्पर बदलताही येत नाही, कारण डॉक्टरांच्या संमतीशिवाय दुसरा ब्रँड देण्यास कायद्याने मनाई आहे. म्हणून प्रश्न डॉक्टरांना विचारायला हवा: "डॉक्टर, हेच औषध कमी किमतीत मिळेल असे लिहून द्याल का? चिठ्ठीवर ब्रँडऐवजी मूळ (जेनेरिक) नाव लिहाल का?" हा प्रश्न विचारण्यात संकोच वाटण्याचे कारण नाही. औषधाचे मूळ नाव सुवाच्य, शक्यतो मोठ्या अक्षरांत लिहावे, असे वैद्यकीय आचारसंहितेतच म्हटले आहे.

मूळ नाव हाती आले की तुलना सोपी होते. एका पट्टीत दहा गोळ्या असतात, दुसरीत चौदा, तिसरीत पंधरा. म्हणून पट्टीची किंमत न पाहता एका गोळीची किंमत काढावी. राष्ट्रीय औषध किंमत प्राधिकरणाच्या 'फार्मा सही दाम' या अ‍ॅपवर ब्रँडचे नाव टाकले की त्याच औषधाचे इतर ब्रँड आणि त्यांच्या किमती दिसतात. प्रधानमंत्री भारतीय जनऔषधी केंद्रांत ब्रँडेड औषधांपेक्षा ५० ते ९० टक्के कमी दराने जेनेरिक औषधे मिळतात. ही योजना २००८ मध्ये सुरू झाली आणि आज देशात १५,००० हून अधिक केंद्रे आहेत. 'जनऔषधी सुगम' अ‍ॅपवर जवळचे केंद्र सापडते. वर्ध्याजवळ सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयाने तर आपल्याच आवारात कमी किमतीच्या जेनेरिक औषधांचे दुकान चालवून दाखवले आहे.

एक खबरदारी मात्र महत्त्वाची. थायरॉइडची गोळी, फिट्सवरची औषधे आणि रक्त पातळ ठेवणारे वॉरफरिन यांच्या मात्रेतला बारीक फरकही शरीराला जाणवतो. ही औषधे दर महिन्याला वेगवेगळ्या ब्रँडची घेऊ नयेत. बदल एकदाच करावा, डॉक्टरांना सांगून करावा आणि नंतर रक्त तपासून घ्यावे.

औषधांची पिशवी टेबलावर

खर्च कमी करण्याचा सर्वांत दुर्लक्षित मार्ग म्हणजे औषधांची छाननी. हृदयाचे डॉक्टर वेगळे, हाडांचे वेगळे आणि घराजवळचे फॅमिली डॉक्टर वेगळे. प्रत्येकजण आपापली भर घालतो, वजाबाकी कोणी करत नाही. फॅमिली डॉक्टरांनी टेल्मिसार्टनची साधी गोळी दिलेली असते. पुढे हृदयतज्ज्ञ टेल्मिसार्टन आणि अ‍ॅम्लोडिपिन एकत्र असलेली गोळी लिहून देतात. दोन पट्ट्यांवरची ब्रँडनावे वेगळी, रंग वेगळे, म्हणून आजोबा दोन्ही घेत राहतात. पैसे दुप्पट जातातच, शिवाय रक्तदाब फार उतरून पहाटे उठताना चक्कर येण्याचा आणि पडून खुब्याचे हाड मोडण्याचा धोका वाढतो.

यावरचा उपाय साधा आहे. वर्षातून किमान एकदा घरातली सगळी औषधे, टॉनिक, आयुर्वेदिक चूर्णे, झोपेच्या आणि दुखण्याच्या गोळ्या एका पिशवीत भरून एकाच डॉक्टरांपुढे ठेवाव्यात आणि प्रत्येक पट्टी दाखवून विचारावे की ही अजून लागते का. पित्ताची गोळी कधीतरी महिनाभरासाठी दिलेली असते आणि चार वर्षे चालू राहते. ताकदीच्या म्हणून घेतलेल्या महागड्या गोळ्यांचे कारण कोणालाच आठवत नाही. गुडघेदुखीसाठी स्वतःहून घेतलेली वेदनाशामके तर रक्तदाब वाढवतात आणि मूत्रपिंडाला इजा करतात, म्हणजे एक आजार दाबताना दुसऱ्याचा खर्च वाढतो.

औषध मनाने बंद करण्यात मात्र मोठी जोखीम आहे. "आता बीपी नॉर्मल आहे" म्हणून गोळी थांबवली जाते, पण ते नॉर्मल असते ते गोळीमुळेच. पक्षाघात झाल्यावर लागणारा खर्च कित्येक वर्षांच्या गोळ्यांच्या खर्चाहून अधिक असतो आणि त्यात घरातल्या एका माणसाचा रोजगारही बुडतो. गोळी अर्धी करून घेण्याची पद्धतही सरसकट चालत नाही. मेटफॉर्मिनच्या पट्टीवर 'एसआर' किंवा 'प्रोलाँग्ड रिलीज' असे छापलेले असेल, तर ते औषध दिवसभर हळूहळू सुटावे अशा रीतीने बनवलेले असते. अशी गोळी मोडली की औषध एकदम शरीरात जाऊ शकते.

इन्सुलिनच्या बाबतीत चूक आणखी महागात पडते. पैसे वाचावेत म्हणून बरेचजण पेन सोडून बाटलीकडे वळतात. डॉक्टरांच्या सल्ल्याने असे करण्यात गैर काही नाही. फक्त बाटली आणि सिरिंज यांचा मेळ तपासावा लागतो. भारतात मिळणाऱ्या नेहमीच्या बाटलीत एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट असतात आणि तिच्यासाठी लाल टोपणाची ४० ची सिरिंज लागते. केशरी टोपणाची सिरिंज १०० युनिटच्या इन्सुलिनसाठी असते. ४० च्या बाटलीतून १०० च्या सिरिंजने वीसच्या खुणेपर्यंत औषध ओढले, तर शरीरात प्रत्यक्षात आठच युनिट जातात. उलट चूक झाली तर वीसऐवजी पन्नास युनिट जातात आणि साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरते.

ताट आणि रेशन

रेशनवर मुख्यतः गहू आणि तांदूळ मिळतात. पोट भरते, पण मधुमेहाच्या पथ्यासाठी लागणारी डाळ, भाजी, अंडी, दूध विकतच आणावे लागते. टंचाईच्या महिन्यात नेमक्या याच गोष्टी कमी होतात आणि ताटात भात-पोळीचा वाटा वाढतो. मग साखर वाढते आणि डॉक्टर गोळी वाढवतात.

'डायबेटिक' असे लेबल लावलेली बिस्किटे आणि पावडरींचे डबे यांवर पैसे घालवण्याची गरज नाही. ज्वारी-बाजरीची भाकरी, मोड आलेली मटकी, हरभऱ्याची उसळ, मोसमातली पालेभाजी आणि ताक या गोष्टी मराठी स्वयंपाकघरात पूर्वीपासून आहेत. भाकरीही मोजूनच खावी लागते, एवढे लक्षात ठेवावे. मिठाबाबत जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस दिवसाला पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे चहाच्या साधारण एका चमच्याइतकी आहे. लोणचे, पापड, फरसाण आणि ताटात वरून घेतलेले मीठ कमी केले तर रक्तदाब उतरायला मदत होते आणि त्यासाठी एक रुपयाही लागत नाही. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी मात्र पथ्य डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.

योजना कुठे उपयोगी पडतात, कुठे नाही

आयुष्मान भारत योजनेत २९ ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरीपुढच्या सर्वांना, उत्पन्नाची अट न लावता, 'वय वंदना' कार्ड मिळते. आधार कार्डावर ते काढता येते आणि वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे उपचार होतात. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची मर्यादाही आता पाच लाख आहे. महाराष्ट्रातील धर्मादाय रुग्णालयांना उच्च न्यायालयाने मान्य केलेल्या २००६ च्या योजनेनुसार दहा टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. दाखल होताना रेशनकार्ड आणि तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला सोबत असला तर ही सवलत मागता येते.

या सगळ्या योजनांचा केंद्रबिंदू रुग्णालयातील खाट हा आहे. माणूस दाखल झाला तर मदत. पण तो दाखल होऊ नये म्हणून दर महिन्याला जी गोळी लागते, तिचा खर्च यांतली एकही योजना नियमितपणे उचलत नाही.

ती गोळी मोफत मिळण्याचे ठिकाण म्हणजे सरकारी दवाखाना. १५ ऑगस्ट २०२३ पासून महाराष्ट्राच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या प्राथमिक आरोग्य केंद्रांपासून जिल्हा रुग्णालयांपर्यंत तपासणी आणि उपचार निःशुल्क आहेत, केस पेपरचेही पैसे लागत नाहीत. औषधांचा तुटवडा आणि रांगा ही तिथली जुनी दुखणी आहेत. तरीही व्यवस्था नीट उभी केली तर काय होते, हे राज्याने पाहिले आहे. भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमाच्या सुरुवातीच्या जिल्ह्यांत सातारा, सिंधुदुर्ग, वर्धा आणि भंडारा होते. अ‍ॅम्लोडिपिन, टेल्मिसार्टन आणि क्लोरथॅलिडोन या मोजक्या स्वस्त औषधांचा ठरावीक क्रम, एका वेळी महिन्याच्या गोळ्या आणि न आलेल्या रुग्णाचा पाठपुरावा, एवढ्यावर हे काम उभे राहिले. या उपक्रमाला २०२२ मध्ये संयुक्त राष्ट्रांचा पुरस्कार मिळाला. तमिळनाडूने ऑगस्ट २०२१ पासून आरोग्यसेविकांमार्फत रक्तदाब-मधुमेहाची औषधे थेट घरी पोहोचवायला सुरुवात केली. गुडघ्याने अधू झालेल्या आजींसाठी दवाखान्यापर्यंतचे रिक्षाभाडेही औषधाइतकेच जड असते, हे त्या योजनेने ओळखले.

महाराष्ट्रात एसटीने पंच्याहत्तरीपुढच्यांना मोफत आणि ६५ ते ७५ वयाच्यांना अर्ध्या तिकिटात प्रवास दिला आहे, त्यामुळे तालुक्याच्या रुग्णालयात जाणे सोपे झाले. रेल्वेची ज्येष्ठांची सवलत मात्र मार्च २०२० मध्ये बंद झाली, ती परत आली नाही.

राज्याने पुढचे पाऊल टाकायला हवे. साठीपुढच्या प्रत्येकाला रक्तदाब आणि मधुमेहाची मूलभूत औषधे गावातल्या उपकेंद्रावर महिन्याला एकदा, खंड न पडता आणि मोफत मिळावीत. ही औषधे जुनी आहेत, स्वस्त आहेत आणि देशातच बनतात. ज्येष्ठ नागरिक संघांनी आणि ग्रामसभांनी ही मागणी ठराव करून लावून धरावी.

तोवर घरातल्या मुला-सुनांनी, लेकी-जावयांनी एवढे तरी करावे: येत्या रविवारी आई-वडिलांची औषधे टेबलावर मांडून प्रत्येक गोळीचे मूळ नाव, मात्रा आणि किंमत एका कागदावर लिहून काढावी आणि पुढच्या भेटीत तो कागद डॉक्टरांपुढे ठेवावा. सत्तरी झाली असेल तर वय वंदना कार्ड आजारपण येण्याआधीच काढून ठेवावे. आणि ज्येष्ठांना स्वतःला माहिती किंवा मदत हवी असेल, तर १४५६७ हा 'एल्डर लाइन'चा राष्ट्रीय क्रमांक आहे. त्यावर फोन करायला पैसे लागत नाहीत.